जुना लेखक परत येतोय, आता आमच्या स्टॉर्मचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात, नारायण पेठेत आमच्या घरी महिन्यातून दोन रविवारी कॉमिक वाचणारी मंडळी जमतात. कुणी कॉलेजातलं असतं, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं. एकजण तर शाळेतून थेट दप्तरासकट येतो, कारण त्याचा रविवारीसुद्धा क्लास असतो. एक्स-मेन म्हणजे मार्व्हल या अमेरिकन कंपनीच्या कॉमिकमधली, जन्मजात अचाट शक्ती असलेल्या 'म्यूटंट' लोकांची टोळी. तिचा जुना लेखक क्रिस क्लॅरमॉन्ट. त्याचं नाव पुन्हा एखाद्या एक्स-मेनच्या अंकावर येणार अशी बातमी आली की, आमच्याकडे चहा थंड होईपर्यंत दुसरा विषय निघत नाही. दर वेळी तेच प्रश्न आणि तीच काळजी. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी स्टॉर्मची, म्हणजे त्या टोळीतल्या ढग-वीज हुकमात ठेवणाऱ्या बाईची, वाचक आहे, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिचीच आहेत. पण तुमचं लाडकं पात्र दुसरं असेल तरी काळजी हीच असणार.

ताई, परत येणारा लेखक तर तिचाच जुना लेखक आहे. मग भीती कसली?

भीती आहे, आणि ती खुळी नाही. नवा लेखक आला की आपण आधीच सावध असतो. त्याच्याकडून अपेक्षा कमी असते, त्यामुळे त्याने थोडं जरी बरं केलं तरी आपण खूश. जुना लेखक येतो तेव्हा आपण दार सताड उघडून बसतो. क्लॅरमॉन्टने १९७५ पासून १९९१ पर्यंत, सलग सोळा वर्षं एक्स-मेन लिहिलं. एकाच माणसाने एकाच मासिकाला इतकी वर्षं द्यावीत असं त्या धंद्यात फार थोड्यांच्या बाबतीत झालंय. आज आपण स्टॉर्म म्हणून जिला ओळखतो तिची चालण्याबोलण्याची पद्धत, तिचा ताठा, बंद जागेची तिची भीती, टोळीतल्या छोट्या किटी प्राइडवरची तिची माया, हे सगळं त्या सोळा वर्षांत घडलं. त्यामुळे त्याच्या हातून ती बिघडली तर आपल्याला म्हणायला जागा उरत नाही की, 'हा परका आहे, याला ती कळली नाही.' घरच्याच माणसाने आपल्याला ओळखलं नाही तर जसं लागतं, तसंच हे लागतं.

आणखी एक कारण आहे. तो गेला तेव्हा आपण जे होतो, ते आता नाही. मी त्याचे अंक वाचले तेव्हा परकर-पोलकं नुकतं सुटलं होतं. आज माझी मुलगी त्या वयाची आहे. परतणाऱ्या लेखकाकडून आपण नकळत आपलं ते वय परत मागत असतो, आणि ते देणं कुणाच्याच हातात नसतं. ही अपेक्षा आधी बाजूला काढून ठेवा. मग जी काळजी उरते ती खरी, आणि तिच्याबद्दलच खाली लिहिलंय.

पण स्टॉर्म त्यानेच निर्माण केली ना?

नाही. हा गैरसमज आमच्याकडे दर दुसऱ्या बैठकीत निघतो. स्टॉर्म म्हणजे ओरोरो मनरो पहिल्यांदा दिसली १९७५ च्या 'जायंट-साइझ एक्स-मेन'च्या पहिल्या अंकात. लेखक लेन वाइन, चित्रकार डेव्ह कॉक्रम. केनियाची आई, अमेरिकन वडील, कैरोच्या रस्त्यांवर चोरी करत वाढलेलं बालपण, घर कोसळून आईवडील गेले तेव्हा ढिगाऱ्याखाली अडकल्यामुळे बसलेली बंद जागेची धास्ती, या सगळ्या गोष्टी क्लॅरमॉन्ट आल्यावर पुढच्या अंकांमध्ये उलगडत गेल्या. म्हणजे जन्म एकाच्या घरी आणि वाढवलं दुसऱ्याने, असा प्रकार आहे. देवकी आणि यशोदा दोघी आई असतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि कागदोपत्री ती दोघांचीही नाही. ती मार्व्हलची आहे. अमेरिकेतल्या या मोठ्या प्रकाशनांमध्ये लेखक पगार किंवा पानांचा मोबदला घेऊन लिहितो आणि पात्र कंपनीच्या नावावर राहतं. म्हणून तर लेखक जातात, दुसरे येतात, जुने परततात. मालक लेखकच असता तर हा प्रश्न उभाच राहिला नसता. टिंटिनचं बघा. त्याचा जनक एर्जे १९८३ मध्ये वारला. आपल्यानंतर कुणी टिंटिन काढू नये ही त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली. तिथे परतणं नाही, त्यामुळे धाकधूकही नाही. नवा टिंटिनही नाही.

जुना लेखक परत येऊन खरंच काही बिघडलंय का, की आपण उगाच काळजी करतोय?

बिघडलंय. याच लेखकाचं, याच मासिकात. २००० साली क्लॅरमॉन्ट परतला आणि 'अनकॅनी एक्स-मेन' व 'एक्स-मेन' ही दोन्ही मासिकं एकदम त्याच्या हाती आली. त्याच वर्षी पहिला एक्स-मेन चित्रपट आला होता, नवे वाचक दारात उभे होते. सुरुवातच केली ती कथेत सहा महिने पुढे उडी मारून. मधल्या सहा महिन्यांत काय झालं ते हळूहळू सांगू, असा बेत. जोडीला निओ नावाची एक नवीच जमात शत्रू म्हणून आणली. वाचकाला कुणाचंच बोट धरता येईना. जुन्या वाचकाला आपली माणसं ओळखू येईनात आणि नव्या वाचकाला तर कोण कोणाचं काय लागतं याचाच पत्ता नाही. वर्षभरात ती दोन्ही मासिकं त्याच्याकडून गेली आणि २००१ मध्ये ग्रँट मॉरिसन हा दुसरा लेखक आला.

मला त्या अंकांचा राग नाही. मी ते सगळे वाचले, काही दोनदा. पण प्रत्येक पानावर एक गोष्ट जाणवायची: तो नऊ वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या खोलीत आला होता आणि आल्या आल्या त्याने सामान हलवायला घेतलं होतं. मधल्या नऊ वर्षांत तिथे कोण राहून गेलं, याची त्याने विचारपूसच केली नाही.

त्यानंतर त्याला 'एक्स-ट्रीम एक्स-मेन' हे वेगळं मासिक मिळालं आणि तिथे स्टॉर्म नेतेपदी होती. ते मला कितीतरी पटींनी आवडतं. छोटी टोळी, नेमकं काम, आणि तिला बोलायला जागा.

आणि जमलंय असं एखादं उदाहरण?

तीन देते. तिन्ही वेगळ्या जातीची आहेत, आणि माझं सगळं म्हणणं यांच्यातच आहे.

पहिलं, फ्रँक मिलरचं डेअरडेव्हिल. तो आधी चित्रकार म्हणून आला, मग लेखक झाला. एलेक्ट्रा ही मारेकरी बाई आणली आणि १९८२ मध्ये तिला मारलीही. १९८३ मध्ये तो गेला. मध्ये बराच काळ डेनी ओनीलने लिहिलं. १९८६ मध्ये मिलर परतला, चित्रकार डेव्हिड मॅझुकेली, आणि 'बॉर्न अगेन' ही कथा केली. अंक २२७ ते २३३, सातच अंक. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मर्डॉक. त्याची जुनी प्रेयसी कॅरेन पेज नशेसाठी हे गुपित विकते आणि गुंडांचा म्होरक्या किंगपिन त्याचं घर, काम, नाव एकेक करून काढून घेतो. यात बघण्यासारखं काय आहे? कॅरेन १९६४ च्या पहिल्या अंकापासूनची, म्हणजे मिलरच्या कितीतरी आधीची. मॅटची दुसरी प्रेयसी ग्लोरियाना ओब्रीन ओनीलने आणलेली. मिलरने दोघींनाही कथेत घेतलं. स्वतःची लाडकी एलेक्ट्रा त्याला इथे लागली नाही. माझ्या मते परत येणाऱ्याने हे सात अंक उशाशी ठेवून झोपावं.

दुसरं, ग्रेग रुका आणि वंडर वुमन. २००३ ते २००६ त्याने ती लिहिली. मध्ये २०११ मध्ये डीसी या तिच्या प्रकाशकाने सगळं नव्याने सुरू केलं आणि डायनाचा, म्हणजे वंडर वुमनचा, जन्मच बदलला. मातीतून घडवलेली मुलगी झ्यूस या ग्रीक देवाची लेक झाली. २०१६ मध्ये रुका परतला. त्याला सोपं होतं, मधलं काही झालंच नाही असं धरून लिहिता आलं असतं. वाचकांपैकी अर्ध्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. त्याने काय केलं? पहिल्याच अंकात डायना सत्य वदवणारा आपला दोर स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळते आणि स्वतःला विचारते. तिच्याच आयुष्याच्या दोन हकीकती आहेत आणि खरी कोणती हे तिला ठाऊक नाही. मधली वर्षं त्याला पटलेली नव्हती हे उघड आहे. पण ती त्याने गुपचूप पुसली नाहीत, तिला सोसायला लावली. एका अंकात आजची डायना आणि पुढच्या अंकात तिचं पहिलं वर्ष, असं आलटून पालटून चाललं. चित्रकारही दोन, लियम शार्प आणि निकोला स्कॉट. मला त्यातल्या 'पहिल्या वर्षा'चे अंक जास्त भावतात, पण दोर गुंडाळण्याचं ते पान मी विसरणार नाही.

तिसरं, लॅरी हामा आणि जी. आय. जो. मार्व्हलचं ते सैनिकांच्या टोळीचं मासिक १९९४ मध्ये १५५ व्या अंकावर बंद पडलं. २०१० मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने हामाला बोलावलं आणि त्याने क्रमांक १५५½ पासून गोष्ट पुढे सुरू केली. साडेपंधरा वर्षांनी! पुढे प्रकाशक पुन्हा बदलला तरी ३०१ वा अंक त्याचाच. हा तिसरा मार्ग सगळ्यात सुखाचा, पण तो सगळ्यांना मिळत नाही, कारण मधल्या काळात दुसऱ्यांनी पुढे नेलेली गोष्ट तिथे जमेत धरलीच गेली नाही.

'मधली वर्षं' म्हणजे नेमकं काय? तुम्ही सारखं तेच म्हणता.

कारण सगळं तिथेच अडतं. लेखक गेला म्हणून पात्र थांबत नाही. क्लॅरमॉन्ट १९९१ मध्ये गेल्यानंतरची स्टॉर्म बघा. २००६ मध्ये तिचं ब्लॅक पँथरशी, म्हणजे वाकांडा या काल्पनिक देशाच्या राजाशी, लग्न झालं, ती तिथली राणी झाली. २०१२ मध्ये ते लग्न मोडलं. २०१४ मध्ये ग्रेग पाकने तिच्या नावाचं मासिक लिहिलं, अकराच अंक चाललं. २०२१ मध्ये म्यूटंट लोकांनी मंगळ राहण्याजोगा केला, त्याचं नाव अराको ठेवलं आणि स्टॉर्म तिथली कारभारीण झाली. अल युइंगच्या २०२२ च्या 'एक्स-मेन रेड'मध्ये ती दरबारात बसून अख्ख्या सूर्यमालेच्या वतीने बोलते. २०२४ पासूनचं तिचं मासिक मुरेवा अयोडेले या नायजेरियन लेखकाने लिहायला घेतलं.

आता माझ्याकडे येणारी एक मुलगी आहे, इंजिनिअरिंगला, सीओईपीत शिकते. तिची स्टॉर्म म्हणजे अराकोची स्टॉर्म. तिने १९८० च्या दशकातला एकही अंक वाचलेला नव्हता. तिच्यासाठी ही बाई जन्मापासून राज्य करणारीच आहे. तिला जर उद्या कुणी सांगितलं की, नाही गं, ती खरी म्हणजे कैरोतली पाकीटमार पोर, ते मंगळ वगैरे सोड, तर तिच्या वाचनातून ती सगळी वर्षं काढून घेतल्यासारखं होईल. माझी स्टॉर्म जितकी खरी तितकीच तिचीही खरी.

परतणाऱ्या लेखकाला पात्र कळतं का, हा प्रश्न मी विचारतच नाही. त्याला ते कळतंच. त्याने मधलं वाचलंय का, आणि वाचलेलं मनापासून मान्य केलंय का, एवढंच मला बघायचं असतं.

गंमत म्हणजे ब्लॅक पँथर आणि स्टॉर्म यांची लहानपणची भेट १९८० मध्ये 'मार्व्हल टीम-अप'च्या शंभराव्या अंकात क्लॅरमॉन्ट आणि जॉन बर्न यांनीच दाखवली होती. बी त्याने पेरलं, लग्न दुसऱ्याने लावलं. मधली वर्षं म्हणजे काही परकं राज्य नसतं, त्यात त्याचंही असतं.

मग तो जुन्या काळातलीच गोष्ट का लिहीत नाही? मधल्या वर्षांना हात लावायची गरजच नाही.

तसं त्याने केलंय, आणि हा मार्ग प्रामाणिक आहे. २०२२ चं त्याचं 'गँबिट' घ्या. चित्रं सिद कोटियनची, म्हणजे आपल्याकडच्या माणसाची. १९९० च्या सुमारास स्टॉर्म काही काळ पुन्हा लहान मुलगी झाली होती आणि तेव्हाच तिला गँबिट हा चोर भेटला. त्या दिवसांमधली एक राहिलेली फट शोधून त्याने पाच अंकांची गोष्ट बसवली. त्याआधी २००९ मध्ये 'एक्स-मेन फॉरेव्हर' केलं होतं, त्यात तर १९९१ मध्ये आपण गेलोच नसतो तर काय झालं असतं, असा वेगळाच फाटा धरला. २०२३ मध्ये ॲन नोसेंटीनेही स्टॉर्मची पाच अंकांची गोष्ट लिहिली, ती १९८० च्या दशकातली. नोसेंटी त्या काळी एक्स-मेनची संपादक होती, त्यामुळे ते दिवस तिने आतून पाहिलेले.

या मार्गाची एकच अडचण. जुन्या फटीतल्या गोष्टीत कुणाचं काही कायमचं बिनसू शकत नाही. पुढे ती जिवंत आहे, मोठी झाली आहे, हे आपल्याला माहीत असतं. जिव्हाळा मिळतो, पण जीव टांगणीला लागत नाही. मला जिव्हाळाही पुरतो. आमच्यातल्या निम्म्यांना पुरत नाही.

पात्र बदललं म्हणजे बिघडलंच ना?

याचं उत्तर मी एका अंकाने देते. 'अनकॅनी एक्स-मेन' क्रमांक १७३, साल १९८३, चित्रकार पॉल स्मिथ. तोवर स्टॉर्मचे केस कमरेपर्यंत पांढरे शुभ्र. कथा जपानमध्ये, टोळीतल्याच वुल्व्हरिनच्या लग्नाची तयारी चाललेली. स्टॉर्म येते ती कातडी जाकीट घालून आणि डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून, मधोमध फक्त उभी शेंडी. किटी प्राइड, जिच्यासाठी स्टॉर्म आईसारखी आहे, तिला बघते आणि तिला ते सहनच होत नाही. रडकुंडीला येऊन पळते. ते पान उघडून बघा. किटी म्हणजे आपणच आहोत. लेखकाने वाचकाची भीती पानातच एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर काढून ठेवली आहे.

त्याच्या थोडं आधी, १७० व्या अंकात, तिने कॅलिस्टोशी सुऱ्यांचं द्वंद्व खेळून तिच्याकडून मॉरलॉक लोकांचं, म्हणजे शहराखालच्या बोगद्यांत लपून राहणाऱ्या म्यूटंट मंडळींचं, नेतृत्व घेतलं होतं. जीव न घेण्याची शपथ घेतलेली बाई सुरा उचलते, तर तिच्या आत काहीतरी तुटणारच. केस हे त्या तुटण्याचं बाहेर दिसणारं रूप. म्हणून तो बदल पटतो. मग १८५ व्या अंकात तिची शक्ती जाते, १८६ वा अंक त्या दुःखाचा, आणि २०१ व्या अंकात शक्ती नसतानाही ती टोळीचा जुना नेता सायक्लॉप्स याला हरवून नेतेपद घेते. जो बदल आधीच्या पानांतून उगवतो तो बिघाड नसतो. जो वरून येऊन पडतो, कारण कुणाला तरी जुने दिवस परत हवे आहेत किंवा चित्रपटाशी जुळवून घ्यायचंय, तो बिघाड.

जे बिघडतं त्याला लेखकच जबाबदार असतो का?

पुष्कळदा नाही. टोळीतल्या जीन ग्रेचा, सायक्लॉप्सच्या प्रेयसीचा, मृत्यू आठवा, १९८० चा १३७ वा अंक. क्लॅरमॉन्ट आणि बर्न यांनी आधी तिची शक्ती काढून तिला जिवंत ठेवायचं ठरवलं होतं, पानंही काढून तयार होती. मुख्य संपादक जिम शूटर म्हणाला, हिने एक अख्खं वसलेलं जग जाळलंय, तिला एवढ्यावर सोडता येणार नाही. शेवट बदलला. आज तो शेवट नसता तर त्या कथेला एवढी उंची आली असती असं मला वाटत नाही. म्हणजे संपादकाची ढवळाढवळ दर वेळी वाईटच असते असंही नाही.

उलट बाजू मॅडेलिन प्रायरची. सायक्लॉप्सने जीन गेल्यावर मॅडेलिनशी लग्न केलं, मूल झालं, आणि त्याला घरी पाठवून क्लॅरमॉन्टने त्याची गोष्ट सुखात संपवली होती. १९८६ मध्ये 'एक्स-फॅक्टर' हे नवं मासिक काढायचं म्हणून जीनला परत जिवंत केलं, आणि सायक्लॉप्स बायको-मुलाला टाकून निघून गेला. हा निर्णय क्लॅरमॉन्टचा नव्हता. पुढे ते निस्तरता निस्तरता मॅडेलिनची खलनायिका झाली. एका भल्या बाईचं हे असं व्हावं याचा मला आजही राग येतो. सायक्लॉप्सवर जीव असलेले वाचक अजून त्या एका निर्णयाची सफाई देत बसतात.

म्हणून पहिल्या पानावर लेखकाच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचत जा. संपादक कोण आहे ते तिथे असतं.

त्याची भाषा आता जुनी नाही का वाटणार?

वाटेल. क्लॅरमॉन्टच्या पानावर शब्द फार. बोलण्याचे फुगे, विचारांचे ढग, वर निवेदनाचा चौकोन, आणि पात्र मारामारी करता करता स्वतःच्या शक्तीचं वर्णनही करणार. त्या काळी प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला अंक असतो असं धरून लिहायचे, त्यामुळे दर महिन्याला ओळख करून द्यावी लागे. आता अंक एकत्र करून पुस्तकं निघतात, विचारांचे ढग जवळपास गेलेच, चित्राला बोलू देतात.

माझं मत थोडं वेगळं आहे. संथपणे वाचायची सवय मोडली आहे ती आपली. नाटकातलं स्वगत आपण आनंदाने ऐकतो, कीर्तनात बुवा आख्यान थांबवून दृष्टान्त देतात तेव्हा चुळबुळ करत नाही. मग कॉमिकच्या पानावर पात्राने मनातलं दोन ओळी जास्त सांगितलं तर काय बिघडलं? मात्र जे चित्रात दिसतंय तेच शब्दांत पुन्हा येत असेल तर मीही पान उलटते.

पहिला अंक हातात आला की काय बघायचं?

मी तीन गोष्टी बघते. पहिली, ती कुणाबरोबर आहे? फक्त तीस-चाळीस वर्षांपूर्वीची मंडळी भोवती गोळा केली असतील तर मला धाकधूक होते. मधल्या काळात तिला भेटलेलं एक तरी माणूस पानावर हवं. दुसरी, ती काय ठरवते? शक्ती सगळेच वापरतात. ढग आणि वीज काढली म्हणजे स्टॉर्म लिहिली असं होत नाही. तिने स्वतः निर्णय घेऊन त्याची किंमत मोजली पाहिजे. तिसरी अगदी साधी. चित्रावर हात ठेवून नुसते तिचे संवाद मोठ्याने वाचा. बोलणारी कोण ते ओळखू येतंय का? ती सहसा तोडून, आखडून बोलत नाही, तिचं वाक्य पूर्ण असतं, थोडं भारदस्त असतं. आमच्या बैठकीत हे आम्ही खरंच करतो आणि शाळेतला पोरगा सगळ्यात आधी ओळखतो.

आणि एका अंकावर निकाल देऊ नका. चार अंक थांबा.

चित्रकार बदलला तर?

फार फरक पडतो. १८६ वा अंक बॅरी विंडसर-स्मिथने काढला नसता तर तो १८६ वा अंक झाला नसता. लेखकाचं नाव वाचून उड्या मारण्याआधी चित्रकाराचं नाव वाचा.

आपल्याकडे मराठीत असं कधी झालंय का?

इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आमच्या पिढीने मराठीत वाचला. १९६४ ला सुरू झालेलं ते प्रकाशन १९९० मध्ये बंद पडलं. वेताळाचा जनक ली फॉक १९३६ पासून १९९९ मध्ये जाईपर्यंत तो लिहीतच राहिला. तो वेताळाला सोडून गेलाच नाही, मग परतणार कुठून? त्यामुळे वेताळाच्या वाचकाला ही काळजी कधी शिवली नाही.

काळजीची खरी चव आम्हा पुणेकरांना मिळाली ती २०१७ मध्ये, फास्टर फेणे मोठा होऊन चित्रपटात आला तेव्हा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, सायकल हाणणारा किडकिडीत पोरगा, आता प्रवेश परीक्षेला पुण्यात येणारा तरुण. माझे मामा चित्रपटगृहाच्या पायऱ्या चढताना म्हणाले होते, "याने 'ट्टॉक्' नाही केलं ना, तर मी मध्यंतराला घरी." त्यांना कथानकाची फिकीर नव्हती. तो एक आवाज हवा होता. मामा शेवटपर्यंत बसले.

लेखन आवडलं नाही तर लेखकाला कळवावं का?

जरूर, पण माणसासारखं. पूर्वी अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रं छापत आणि त्यांत कडक टीकाही असे, पण ती पानांबद्दल असे. आता लोक थेट लेखकाच्या वयावर उतरतात. क्लॅरमॉन्टचा जन्म १९५० चा आहे. 'म्हातारा झाला, आता बस कर' हे मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेणार नाही, निदान आमच्या घरात तरी नाही. कुठलं पान, कुठलं वाक्य, का खटकलं, ते सांगा. मला तसं नेमकं सांगणारे वाचक आवडतात, मग ते माझ्याशी शंभर टक्के असहमत असले तरी चालेल.

मी यातलं काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

स्टॉर्मसाठी १७० ते १७३, मग १८५ आणि १८६, मग २०१. एवढ्यावर ती तुमची होते. त्यानंतर लगेच युइंगचं 'एक्स-मेन रेड' वाचा, मधली पस्तीसेक वर्षं गाळून. दोन्ही टोकांना तीच बाई आहे हे तुम्हालाच दिसेल. सगळे अंक मार्व्हलच्या वर्गणीच्या ॲपवर मिळतात आणि जुन्या अंकांची जाड एकत्रित पुस्तकंही आहेत, पण ती महाग पडतात, चौघांत मिळून घ्या. अप्पा बळवंत चौकात किंवा डेक्कनच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर सुटा अंक क्वचित हाती लागतो. विचारत राहावं लागतं.

माझा १८६ वा अंक असाच मिळाला होता. मुखपृष्ठ नाही, पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेलं भाडं, रोज ५० पैसे. शेवटच्या पानाचा खालचा कोपरा बोटांनी इतका हाताळलाय की कागद कापडासारखा मऊ झालाय. शक्ती गेलेली स्टॉर्म तिथे म्हणते की, पाय कदाचित जमिनीवरून कधीच उचलले जाणार नाहीत, तरी आपण एक दिवस पुन्हा उडू. माझ्याआधी कितीजणांनी त्या पानाशी थांबून ते वाचलं असेल कोण जाणे.

तो अंक घरी न्यायला मिळेल का?

बाकी कपाटातलं काहीही न्या, वहीत नाव लिहून पंधरा दिवसांत परत आणा. हा मात्र इथेच बसून वाचायचा. हात धुऊन, चहा लांब ठेवून. खिडकीजवळची खुर्ची रिकामी असते, आणि सकाळी अकरापर्यंत तिथे चांगला उजेड असतो.